औषधाच्या बाटलीपासून ताटापर्यंत: आफ्रिकेतल्या खेड्यांतलं चर्चचं आरोग्यकाम आणि बायकांचा न्याय

माळावरची

मलावी हा आफ्रिकेच्या आग्नेय भागातला चिंचोळा देश. त्याच्या उत्तर भागात, म्झुझू शहराजवळ, एक्वेंडेनी नावाचं गाव आहे. तिथं प्रेस्बिटेरियन चर्चच्या लिव्हिंग्स्टोनिया सिनॉडचं (चर्चच्या प्रादेशिक मंडळाचं) रुग्णालय आहे. स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८७५ मध्ये मलावी सरोवराच्या काठी जे काम सुरू केलं, त्याचाच हा पुढचा धागा. आज चर्च आणि रुग्णालय दोन्ही तिथल्या लोकांच्या हातात आहेत.

या रुग्णालयाबद्दल मिळेल ते मी बरेच दिवस वाचते आहे आणि इथं लिहावंसं वाटलं, कारण आरोग्यसेविकांना शिकवताना जो प्रश्न मला सतत छळतो, तोच तिथं कुणीतरी मुळापासून हाताळलेला दिसला.

नव्वदच्या दशकात तिथल्या कुपोषण कक्षात मुलं भरती व्हायची, थोडं बाळसं धरायची, घरी जायची आणि तशीच वाळून परत यायची. आपल्याकडे मेळघाटात, नंदुरबारात काम केलेल्यांना हे नव्यानं सांगायला नको. रुग्णालयाच्या परिचारिका एस्थर लुपाफ्या आणि कॅनडाहून आलेल्या संशोधक रेचेल बेझ्नर कर यांनी गावात जाऊन घरोघर विचारलं, की हे असं का होतं? उत्तर औषधात नव्हतं. खतावरचं सरकारी अनुदान गेलं होतं, खत परवडेना, वर्षानुवर्षं एकट्या मक्यानं जमीन दमली होती आणि पावसाळ्याच्या ऐन कामाच्या महिन्यांत कणगी रिकामी असायची.

म्हणून २००० साली रुग्णालयानंच शेतीचा प्रकल्प सुरू केला. दवाखान्यानं शेतीत उतरायचं! तुरीत भुईमूग किंवा सोयाबीन, मक्यात तूर, आणि काढणीनंतर पाला जाळायचा नाही, तर मातीत गाडायचा. प्रयोग कुठले करायचे हे शेतकऱ्यांनी निवडलेली त्यांचीच मंडळी ठरवायची, आणि त्यात बायकाही होत्या. मोजक्या गावांत सुरू झालेलं काम पुढं हजारो कुटुंबांपर्यंत गेलं, आणि मुलांची वजनं सुधारल्याचं मोजमाप करून प्रसिद्धही झालं आहे.

पण मला सांगायचंय ते याच्या पुढचं. घरात शेंगदाणे आले, सोयाबीन आलं, तरी सगळ्याच पोरांच्या ताटात ते येईना. काही घरांत नवऱ्यानं पीक बाजारात विकलं आणि पैसे दारूत गेले. पाला गाडायचं जादा काम बायकांच्याच पाठीवर पडलं. आणि तान्ह्या बाळाला काय द्यायचं हे आई ठरवतच नव्हती, सासू ठरवत होती. उत्तर मलावीत पितृवंशाची रीत आहे. नवरा देज (वधूमूल्य) देऊन बायको आणतो, मुलं त्याच्या घराण्याची. चार-सहा आठवड्यांच्या बाळाला पातळ पेज आणि झाडपाल्याचं पाणी पाजायचं ही आजीची पद्धत, आणि आजीपुढं सुनेनं बोलायचं नाही.

इथं बहुतेक प्रकल्प काय करतात? आईला आणखी एक भाषण देतात. आई मान हलवते, घरी जाते आणि सासू सांगेल तेच करते, कारण तिला दुसरा मार्गच नसतो. एक्वेंडेनीनं आजी-आजोबांनाच बोलावलं. तिकडे आजीलाही आणि आजोबांनाही ‘आगोगो’ म्हणतात. गरोदरपणात तपासणी, दवाखान्यात बाळंतपण, बाळ जन्मल्याबरोबर अंगावर पाजणं, त्याला ऊब देणं, लगेच आंघोळ न घालणं हे सगळं आगोगोंना शिकवलं. त्यांना शत्रू न मानता त्यांचा मान राखून शिकवलं. मग तेच गाणी रचून, नाटकं करून गावाला सांगू लागले. दुसरीकडे शेती आणि आहाराचे चर्चागट केले, त्यांत सून, सासू, नवरा, सासरा सगळे. काही वेळा वयाप्रमाणे वेगळे बसायचे, मग एकत्र. आणि पाककृतींचे दिवस ठेवले, ज्यांत पुरुषांनी गावासमोर सोयाबीनचे, शेंगदाण्याचे पदार्थ रांधायचे. ज्या गावात पुरुष चुलीशी बसला तर बायकोनं त्याच्यावर काहीतरी करणी केली असं लोक बोलतात, तिथं हे भर चौकात!

ही गोष्ट सरकारी आरोग्य केंद्राला का जमली नसती, याचा मी खूप विचार केला. केंद्र आजारपणात आठवतं. चर्च दर रविवारी असतं. तिथं सासू असते, सून असते, गावचा प्रमुख असतो, दारू पिणारा असतो आणि त्याची बायकोही असते. प्रत्येक मंडळीत (चर्चच्या स्थानिक समूहात) महिलांचा संघ असतो, त्याच्या बायका दुखण्याखुपण्याला, मयताला, बाळंतिणीला भेटायला आधीपासून जात असतात. ही वाट तयार असते. पण हेही खरं, की त्याच व्यासपीठावरून बायकांना गप्प बसायला सांगितलं जातं. म्हणून चर्चनं चालवलेल्या आरोग्यकामाकडे बघताना मी एकच तपासते: त्यानं घरातल्या मोठ्यांना, पुरुषांना आणि स्वतःच्या पाळकाला (धर्मगुरूला) प्रश्न विचारला का? की पुन्हा सगळा भार त्या सुनेच्याच डोक्यावर ठेवला?

आपल्या लोकांसाठी एक खरा दुवा सांगते. १९६८ मध्ये जागतिक चर्च परिषदेनं जिनिव्हात ख्रिश्चन मेडिकल कमिशन स्थापन केलं. चर्चेसचा वैद्यकीय पैसा जवळजवळ सगळा मोठ्या रुग्णालयांच्या भिंतींत जातो आणि खेड्यातला माणूस बाहेरच राहतो, हे त्यांना खुपत होतं. दोनच वर्षांनी, १९७० मध्ये, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं. गावातल्या अशिक्षित, बहुतेक दलित बायकांना आरोग्यसेविका केलं. कमिशननं जामखेडचा अनुभव जगभर पोचवला आणि जागतिक आरोग्य संघटनेशी बोलणी केली. १९७८ च्या, प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या अल्माआटा जाहीरनाम्यामागे जे अनुभव होते, त्यांत आपलं जामखेड आहे. पुढं आफ्रिकेतल्या कितीतरी देशांतून परिचारिका आणि कार्यकर्ते जामखेडला शिकायला आले. मी त्यांतल्या काहींना भेटले आहे. औषधं कोणती वापरता हे त्या फारसं विचारायच्या नाहीत. गावातली बाई सरपंचासमोर बोलायला कशी उभी राहिली, हे विचारायच्या.

आफ्रिकेत राहिलेले, मिशन रुग्णालयांत काम केलेले, शेती जाणणारे, सगळ्यांनी लिहा. विरोधी मत असेल तर तेही लिहा.

तिफण

ताई, सुंदर लिहिलंत. मी लातूरकडचा, तूर आमच्या घरची. तूर आणि भुईमूग एकत्र घेणं शहाणपणाचं आहे. तूर सुरुवातीला सावकाश वाढते, तोवर भुईमूग आपला उरकून घेतो. पाला रानातच राहिला की पुढच्या पिकाला बेवड चांगला. पण एक शंका. मका निघाल्यावर तूर बराच काळ रानात उभी राहते. तिकडे जनावरं मोकळी सोडतात का? आमच्याकडे तर एका रात्रीत शेत साफ होतं.

आणि दुसरं, थोडं मनाला लागलेलं. २०१७ मध्ये आपल्या सरकारनं तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली, कारण इथं आमचे भाव कोसळले होते. आमच्यासाठी ते गरजेचं होतं. पण त्याच वर्षी मलावी, मोझांबिकच्या शेतकऱ्याची तूर मातीमोल झाली हे नंतर वाचलं. तिकडच्या एखाद्या बाईनं सगळं ऐकून तूर लावली असेल आणि घ्यायला कुणी नाही, असं झालं असेल.

माळावरची

तिफणदादा, शंका बरोबर आहे. तूर मुख्यतः दक्षिण मलावीचं पीक. उत्तरेत काढणीनंतर गुरं-शेळ्या मोकळ्या सुटतात, आणि तुरीची हीच मोठी अडचण तिथंही झाली. म्हणून अनेकींनी भुईमूग आणि सोयाबीनवर जास्त भर दिला. गावानं चराईचे नियम एकत्र बसून ठरवले तरच तूर टिकते, आणि ते ठरवणाऱ्या बैठकीत बायका असतील तरच ती बैठक कामाची.

भावाचं तुम्ही म्हणता ते खरंच जिव्हारी लागणारं आहे. २०२१ मध्ये भारतानं मलावीशी पाच वर्षांसाठी दरवर्षी ५० हजार टन तूर घेण्याचा करार केला. म्हणजे पुण्या-मुंबईच्या कुकरमध्ये तिकडची डाळ शिजते आहे. पण एक्वेंडेनीच्या कामाचा जोर विक्रीवर नव्हता. आधी घरच्या पोराच्या पोटात, मग बाजारात, असा क्रम होता. बाजाराचा क्रम नेमका उलटा असतो.

रानमोगरा

वाचतेय. आगोगोंचं फार आवडलं. आमच्या अंगणवाडीत सासूबाईंना बोलवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

स्पष्टवक्ता

लेख चांगला आहे, पण मला जे खटकतं ते बोलतो. चर्चनं दवाखाना काढला की त्यामागे धर्मप्रसार असतो, हा इतिहास आहे. गोरे लोक आले, तुमच्या चालीरीती रानटी म्हणाले, औषध देताना बायबल दिलं आणि आता ‘स्त्रीन्याय’ म्हणून तेच पुन्हा. आफ्रिकन समाजाला त्याच्या रीतीभाती बदलायला सांगणारे हे कोण? पैसा पण परदेशीच ना?

नायरोबीकर

@स्पष्टवक्ता, तुमच्या प्रश्नात तथ्य आहे. मी केनियात राहतो, इथलाच इतिहास सांगतो. तो तुमच्या बाजूनेही आहे आणि विरुद्धही.

१९२९ मध्ये इथल्या किकुयू भागात स्कॉटलंडच्या चर्चच्या मिशननं मुलींच्या खतन्याविरुद्ध, म्हणजे जननेंद्रियाचा भाग कापण्याच्या प्रथेविरुद्ध, मोहीम उघडली. पुढाकार डॉ. जॉन आर्थर यांचा, जे डॉक्टरही होते आणि मिशनरीही. वैद्यकीय कारण खरंच होतं, खतना झालेल्या बायका बाळंतपणात मरताना ते बघत होते. पण पद्धत काय निवडली? मंडळीतल्या लोकांनी खतना सोडल्याच्या आणि किकुयू सेंट्रल असोसिएशन या राजकीय संघटनेशी संबंध तोडल्याच्या प्रतिज्ञेवर सही किंवा अंगठा द्यायचा, नाहीतर बाहेर. जमिनी गोऱ्यांनी घेतलेल्या, त्यात हे. लोक हजारोंनी चर्च सोडून गेले, स्वतःच्या शाळा काढल्या, आणि खतना हे स्वाभिमानाचं निशाण होऊन बसलं. मुलींच्या शरीरावर दोन्हीकडच्या पुरुषांनी आपली लढाई लढली.

१९५६ मध्ये मेरू भागात वडीलधाऱ्यांच्या मंडळानं, सरकारच्या पाठिंब्यानं, बंदी घातली. तर पोरींनी बंदी झुगारून स्वतःच एकमेकींचा खतना केला. पुढच्या तीन वर्षांत दोन हजारांहून जास्त जणांवर खटले झाले. नुसते हुकूम काढून असल्या गोष्टी बदलत नाहीत.

बदललं ते पुढं. १९९६ मध्ये, त्याच मेरूच्या शेजारच्या थराकात, केनियातल्याच महिला संघटनेनं पर्यायी विधी सुरू केला. मुलींनी काही दिवस एकत्र राहायचं, मोठ्या बायकांकडून शरीर, लग्न, जबाबदारी, हक्क यांबद्दल शिकायचं, शेवटच्या दिवशी गावानं नाचून-गाऊन त्यांचं स्वागत करायचं, भेटी द्यायच्या. सगळं तेच, फक्त पातं नाही. आज डिसेंबरच्या सुट्टीत अनेक चर्चेस असे वर्ग घेतात. शिकवणाऱ्या बायका गावच्याच. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांत खतन्याचं प्रमाण १९९८ मध्ये ३८ टक्के होतं, ते २०२२ मध्ये १५ वर आलं. २०११ चा कायदा, शाळा, चर्च, बायकांच्या संघटना या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. ईशान्येच्या मंडेरा, वाजिरमध्ये मात्र प्रथा अजून जवळपास तशीच आहे.

आणि धर्मांतराचं म्हणाल, तर मलावीत तीन-चतुर्थांशांहून जास्त लोक आधीच ख्रिस्ती आहेत. एक्वेंडेनीत आता कुणाला बाटवायचं? तिथला पाळकही तिथल्याच तुंबुका समाजाचा, परिचारिकाही तुंबुका. रीतीभाती बदला असं सांगणारे बाहेरचे नाहीत, त्याच घरात सून म्हणून आलेल्या बायका आहेत.

वसईकर

मी कॅथलिक, वसईचा. नायरोबीकरांशी सहमत, पण आमच्या चर्चबद्दलही मला इथं बोललं पाहिजे, कारण या धाग्यात कौतुक जास्त होतंय.

२०१४ मध्ये केनियात जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं बायकांना धनुर्वाताची लस देण्याची मोहीम चालू होती. ही लस कशासाठी, तर जन्मलेली बाळं धनुर्वातानं मरू नयेत म्हणून. केनियाच्या कॅथलिक बिशपांनी जाहीर सांगितलं, की लसीत वंध्यत्व आणणारं संप्रेरक आहे. सरकारनं आणि जागतिक संघटनांनी ते फेटाळलं. पण रविवारी प्रवचनात ऐकलेलं बाई विसरत नाही. माळावरची ताई म्हणतात ना, चर्च दर रविवारी असतं. तेच इथं उलटं पडलं.

गर्भनिरोधकांचंही तसंच. तिकडच्या कितीतरी खेड्यांत जवळपासचा एकमेव दवाखाना कॅथलिक असतो. आमच्या ज्या सिस्टर्स दुर्गम भागात आयुष्य घालवतात, रात्री-अपरात्री बाळंतपणं करतात, त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण सहावं बाळंतपण झेपणार नाही असं रडून सांगणाऱ्या बाईला तिथं साधन मिळत नाही, हे मी श्रद्धावान असूनही योग्य म्हणू शकत नाही. न्याय म्हणायचा तर तिच्या शरीराचा निर्णय तिच्याकडे हवा.

प्रसूतिकक्ष

स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून लिहिते. या विषयात डॉ. डेनिस मुकवेगे यांचं नाव यायलाच हवं.

मुकवेगे काँगोतल्या बुकावूचे, पेंटेकोस्टल पाळकाचा मुलगा. वडील आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायला जायचे तेव्हा हा बरोबर असायचा, आणि औषध देणारं कुणीतरी व्हावं असं त्याला तेव्हाच वाटलं. लेमेराच्या मिशन रुग्णालयात काम करताना त्यांनी बघितलं, की बायका अडलेल्या अवस्थेत मैलोन् मैल चालत येतात. म्हणून ते फ्रान्समध्ये आन्जे इथं स्त्रीरोगशास्त्र शिकले आणि परत आले. १९९६ मध्ये लेमेरावर हल्ला झाला, रुग्ण आणि कर्मचारी मारले गेले. १९९९ मध्ये पेंटेकोस्टल चर्चेसच्या छत्राखाली, स्वीडनच्या चर्चेसच्या मदतीनं, बुकावूत पान्झी रुग्णालय उभं राहिलं. हेतू होता सुरक्षित बाळंतपण. पण पहिली रुग्ण आली ती बलात्कार करून गोळ्या झाडलेली बाई.

अडलेल्या बाळंतपणातून होणारा फिश्चुला, म्हणजे मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये पडणारं छिद्र, आम्ही पुस्तकात शिकतो. लघवी सतत गळते, अंगाला वास येतो, नवरा टाकतो. काँगोत तो बलात्कारातून होत होता, मुद्दाम केलेल्या इजांमधून. हजारो बायकांवर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया केल्या. शरीर शिवून बाई तशीच परत पाठवली तर ती पुन्हा तिथंच पोचते, म्हणून पान्झीत उपचाराबरोबर मानसिक आधार, वकील आणि स्वतःच्या पायावर उभं राहण्याचं शिक्षण अशी चारही कामं एका छताखाली आहेत. शेजारच्या खेड्यांत फिरती पथकं जातात.

२०१२ मध्ये त्यांच्या घरात शिरून त्यांच्यावर हल्ला झाला, ते कुटुंबासह देश सोडून गेले. तेव्हा इद्जवी बेटावरच्या बायकांनी अननस विकून त्यांच्या परतीच्या तिकिटासाठी पैसे जमवले. दिवसाला डॉलरभर मिळवणाऱ्या बायका! जानेवारी २०१३ मध्ये ते परतले. २०१८ मध्ये त्यांना इराकच्या यझिदी कार्यकर्त्या नादिया मुराद यांच्याबरोबर शांततेचं नोबेल मिळालं. मला मात्र त्यांचं २०१७ चं नामिबियातल्या विंडहुकमधलं भाषण जास्त महत्त्वाचं वाटतं. लुथरन चर्चेसच्या जागतिक सभेत, सगळ्या धर्मगुरूंसमोर, त्यांनी चर्चमधल्याच पुरुषी वर्चस्वाला हात घातला. बाहेरच्या बलात्काऱ्याला दोष देणं सोपं असतं. आपल्याच बिशपांना सुनावणं अवघड.

फेब्रुवारी २०२५ मध्ये एम२३ बंडखोरांनी बुकावू घेतलं. त्या बातम्या वाचताना पान्झीतल्या बायकांशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

नगरी

मी नगर जिल्ह्यातला मराठी ख्रिस्ती. आमच्या घरात मिशन दवाखाना म्हणजे जवळजवळ आजोळ. त्यामुळे हा धागा मन लावून वाचला.

बायकोवर हात उगारणारा माणूस आमच्या मंडळीतही ‘स्त्रियांनो, आपापल्या पतीच्या अधीन असा’ हे वचन पाठ म्हणून दाखवतो. त्याच्या आधीच्याच ओळीत सगळ्यांनी एकमेकांच्या अधीन असावं असं आहे, ते त्याला कधी आठवत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या पीटरमारिट्झबर्गच्या उजामा केंद्रानं यावर जे केलं ते आपल्याकडे माहीत असायला हवं. बायबलमध्ये दावीद राजाची मुलगी तामार हिची गोष्ट आहे. सावत्र भाऊ तिच्यावर बलात्कार करतो, सख्खा भाऊ तिला गप्प राहायला सांगतो, आणि राजा असलेला बाप रागावतो पण काहीच करत नाही. ही गोष्ट चर्चमध्ये सहसा वाचलीच जात नाही. या केंद्रानं गावोगावच्या बायकांना एकत्र बसवून ती वाचायला लावली. प्रश्न साधे: तामार काय म्हणते? कोण कोण ऐकून घेत नाही? आपल्या मंडळीत तामार आहे का? मग बायका बोलू लागल्या, काही तर आयुष्यात पहिल्यांदा. पुढं केनियापर्यंत हे पोचलं.

पुरुषांबरोबरचं काम काँगोच्या इतुरी प्रांतात झालं, रेथी आरोग्यक्षेत्रातल्या १५ वस्त्यांत, टिअरफंड या ख्रिस्ती संस्थेनं केलेलं. आधी पाळक आणि इतर धर्मप्रमुखांचं प्रशिक्षण, मग गावातले निवडक स्त्री-पुरुष आठवड्याला पुरुषांचे वेगळे आणि बायकांचे वेगळे गट घेणार, शेवटी दोघांना एकत्र बसवणार. २०१५ मध्ये गेल्या वर्षभरात जोडीदाराकडून हिंसा झाल्याचं ६९ टक्के बायकांनी सांगितलं होतं, शेवटच्या पाहणीत ते २९ टक्के झालं. तुलनेसाठी काम न झालेली गावं घेतली नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय या कामाला देता येत नाही. पण धर्मप्रमुख आधी बदलले तर गाव ऐकतं, हे मला माझ्या मंडळीवरूनही पटतं.

स्पष्टवक्ता

नायरोबीकर आणि नगरी, तुमचे प्रतिसाद दोनदा वाचले. चर्चमधूनच चर्चवर टीका होते हे मला अपेक्षित नव्हतं. पैशाचा प्रश्न मात्र माझा कायम आहे. देणगीदारानं हात आखडला की काय होणार? २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेनं परदेशी मदत थांबवली तेव्हा एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रांत काय झालं ते आपण वाचलंच.

माळावरची

@स्पष्टवक्ता, हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त सतावतो. अमेरिकेच्या त्या निर्णयानं चर्चच्या दवाखान्यांतले कितीतरी समुपदेशक आणि आरोग्यकार्यकर्ते घरी बसले. एचआयव्हीचा पैसा खेड्यात पोचायला चर्चेस हा मोठा रस्ता होता, म्हणून फटकाही तिथंच बसला. मलावीत ख्रिस्ती आरोग्य संघटनेच्या रुग्णालयांशी सरकार करार करतं. गावातली बाई तिथं फुकट बाळंत होते, बिल सरकार भरतं. व्यवस्था चांगली आहे. मात्र सरकारकडून पैसे थकले की रुग्णालय अडचणीत येतं आणि पहिली झळ त्याच बाईला लागते.

यावर स्वतःची वाट काढलेलं एक उदाहरण सांगते, युगांडाच्या नैर्ऋत्येचं किसिझी. तिथं १९५८ पासून चर्च ऑफ युगांडाचं रुग्णालय आहे. डोंगराळ मुलूख, रस्ते नाहीत. आजाऱ्याला झोळीत घालून खांद्यावरून न्यायचं, म्हणून प्रत्येक वस्तीत झोळी वाहणारे गट पूर्वीपासून आहेत. त्यांना ‘एन्गोझी’ म्हणतात. सगळ्यांनी पाळीपाळीनं खांदा द्यायचा, मयतालाही तेच. १९९६ मध्ये रुग्णालयानं याच गटांवर आरोग्य विमा उभा केला. एकट्या माणसानं यायचं नाही, गटानं यायचं, म्हणजे फक्त आजारीच लोक विमा घेतात ही अडचण येत नाही. आणि अडलेली बाळंतीण झोळीत घालायची की नाही हे ठरवताना ‘पैसे कुठून आणू’ हा नवऱ्याचा प्रश्न मागे पडतो.

किसिझीला एक धबधबाही आहे. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींना पूर्वी तिथून खाली ढकलायचे, आणि ढकलायला घरचेच. लोक सांगतात, की शेवटच्या मुलीनं ढकलणाऱ्या भावाला घट्ट धरलं आणि दोघं गेले, तेव्हापासून ते थांबलं. तिथं आता त्या मुलींचं स्मारक आहे. त्याच पाण्यावर वीज तयार होते, रुग्णालय चालतं आणि आसपासच्या वस्तीलाही वीज विकली जाते. तिथल्या पाळकांनी ही आठवण झाकून ठेवली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

नकाशावाली

इतका वेळ नुसती वाचत होते, आता माझं थोडं. मी आफ्रिकेत कधी गेले नाही, पुण्यात संगणकावर काम करते. पण टांझानियातल्या अशाच एका कामाला आपल्यापैकी कुणीही घरबसल्या हातभार लावू शकतं, म्हणून लिहिते.

टांझानियाच्या उत्तरेला मारा प्रदेश आहे, सेरेंगेटीच्या कडेला. १८ वर्षांखालच्या मुलींचा खतना तिथं १९९८ पासून गुन्हा आहे, तरी डिसेंबरच्या सुट्टीत तो होतो. खतना झाला की देज ठरतं, लग्न होतं, शाळा संपते. २०१४ मध्ये मारा इथल्या अँग्लिकन चर्चनं मुगुमू गावात आसरागृह उघडलं. ते चालवणाऱ्या रोबी सामवेली स्वतः लहानपणी यातून गेल्या आणि मरता मरता वाचल्या. मुली रात्री रानातून पळत तिथं येतात. पुढं रोबीताईंनी स्वतंत्र संस्था काढून काम वाढवलं. मुलगी आली की तिला नुसतं ठेवून घेत नाहीत. आईबापांशी बोलणी करतात, खतना करणार नाही असं लेखी घेतात, आणि घर सुरक्षित वाटलं तरच तिला परत पाठवतात. नाहीतर शाळेची व्यवस्था तिथूनच.

अडचण अशी, की मुलीचा निरोप आला तरी तिचं गाव नकाशावर नसायचं. पोलिसांची गाडी रात्रीच्या अंधारात जाणार कुठं? म्हणून २०१५ पासून क्राउड२मॅप नावाचा उपक्रम सुरू झाला. जगभरचे लोक उपग्रहाची चित्रं बघून ओपनस्ट्रीटमॅपवर टांझानियाची खेडी काढतात: घर, पायवाट, ओढा. गावातले लोक मग त्यात नावं भरतात, शाळा कुठली, दवाखाना कुठला, वस्तीचं नाव काय. हा नकाशा इंटरनेट नसतानाही फोनवर चालतो.

काम सोपं आहे, पण लक्ष देऊन करावं लागतं. गवती छपराचं गोल घर आणि झाडाची सावली यांत सुरुवातीला गोंधळ होतो. ओढ्याला रस्ता समजून ओढलं तर उद्या कुणाची तरी गाडी तिथं अडेल, म्हणून शंका असेल तर ते सोडून पुढं जायचं. तपासणारे अनुभवी लोक असतात, ते सुधारतात.

रानमोगरा

नकाशावाली, आमच्या महिला मंडळात कॉलेजच्या दहा-बारा मुली आहेत, संगणक बऱ्यापैकी येतो. त्यांना शिकवाल का? इंग्रजी बेताचं आहे.

नकाशावाली

नक्की. इंग्रजी फारसं लागत नाही, चार-पाच बटणं ओळखता आली की झालं. मोबाइलवर जमत नाही, लॅपटॉप आणि माउस हवा. मुलींची सोयीची वेळ व्यनि (खासगी निरोप) करा. मला शनिवारी दुपारनंतर जमेल, आणि डिसेंबरच्या आत सुरू केलेलं बरं.